उतरलेले किलो कुणाच्या नावावर?

पहिल्या तेरा दिवसांत माझं वजन ९१.८ किलोवरून ८८.४ वर आलं. म्हणजे तीन किलो चारशे ग्रॅम कमी. या तीन किलो चारशे ग्रॅमचं जेवढं कौतुक झालं, तेवढं इंजिनिअरिंग पास झालो तेव्हाही झालं नव्हतं. ऑफिसात चहाच्या मशीनपाशी दोघांनी थांबवून "काय करतोयस रे नेमकं?" असं विचारलं. मावशीनं अंगठे पाठवले. फॅमिली ग्रुपवर आईनं लिहिलं, "मनावर घेतलं की होतं," आणि त्याखाली अकरा जणांनी हात जोडले.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. आकडा अपेक्षेपेक्षा चांगला आला की मला आनंदाच्या आधी शंका येते. म्हणून मी हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, असं सगळी ॲप धरून चालतात. हा आकडा आला न्यूयॉर्कचे एक डॉक्टर मॅक्स विशनॉफ्स्की यांच्या १९५८ च्या लेखातून. त्यांनी तो पौंडाला ३,५०० असा मांडला होता. वर्ष-दोन वर्षांचं भाकीत करायला तो कुचकामी आहे, पण दोन आठवड्यांच्या अंदाजाला चालतो. तर ३.४ गुणिले ७,७०० म्हणजे २६ हजारांवर कॅलरी, तेरा दिवसांत. रोजची तूट दोन हजारांच्या वर. माझं शरीर दिवसाला अडीच हजारांच्या आसपास खर्च करतं. म्हणजे मी जवळजवळ उपाशी असायला हवं होतं. मी तर दोन वेळा पोळी-भाजी खात होतो. नोंदीप्रमाणे माझी तूट रोज सातशेच्या आसपास होती, म्हणजे खरी चरबी गेली असेल एक-सव्वा किलो. मग उरलेले दोन किलो कुठे गेले?

ते होतं पाणी. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन असतं. ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा हाताशी ठेवलेला साठा. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून असतो. खाणं कमी झालं की शरीर आधी हा साठा उपसतं, आणि त्याच्याबरोबर पाणी जातं. त्यात लोणचं-पापड बंद झालेलं, म्हणजे मीठ कमी, म्हणजे आणखी पाणी कमी. कुठलंही डाएट पहिल्या पंधरवड्यात चमत्कार वाटतं, ते यामुळे. महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' यावरून घराघरांत तट पडले होते. दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं खायचं, यावर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या यशोगाथांत मधलं वाक्य एकच असायचं : मनावर घेतलं की होतं.

नवव्या आठवड्यात मी ८५.१ वर होतो. मग गावी चुलतबहिणीचं लग्न आलं. पाच दिवस राहिलो, परतलो, काट्यावर उभा राहिलो : ८७.४. पुन्हा तोच हिशेब. २.३ किलो चरबी पाच दिवसांत चढवायची तर रोजच्या गरजेवर साडेतीन हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. म्हणजे नेहमीचं जेवण जेवून वर अंदाजे दहा-बारा पुरणपोळ्या. गावी आग्रह असतो, पण एवढा नसतो. हेही बहुतेक पाणीच होतं; भात, साखर आणि मिठाबरोबर परत आलेलं. ग्रुपवर यावेळी कुणी हात जोडले नाहीत. काकांनी फक्त विचारलं, "मन उडालं का?"

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. जाताना पाणी, येताना पाणी, ना कौतुक माझं ना टोमणा माझा. पण पुढच्या तीन महिन्यांत जे झालं ते पाणी नव्हतं. वजन ८५.६ ला थांबलं, तिथे रेंगाळलं, आणि मग महिन्याला तीन-चारशे ग्रॅमच्या सावकाश चालीनं वर जायला लागलं. चालणं तेवढंच होतं. ताटही नोंदींप्रमाणे फारसं बदललेलं नव्हतं. बदलली होती ती भूक. रात्री अकराला, जेवून तीन तास झाल्यावर, ती अशी यायची जणू कुणी दार वाजवतंय. दहा वेळा उघडलं नाही, अकराव्या वेळी उघडलं, तर त्या अकराव्या वेळेला काय म्हणायचं? माझा रूममेट म्हणतो, विल पॉवर. तो साठ किलोचा आहे आणि अर्धा वडापाव ताटलीत टाकून उठू शकतो. मी त्याला विचारलं, "उरलेला अर्धा खायची इच्छा होते आणि तू ती आवरतोस का?" तो म्हणाला, "नाही रे, लक्षातच राहत नाही."

मला वाटतं, सगळा नैतिक घोळ या 'लक्षातच राहत नाही'मध्ये आहे.

ॲरिस्टॉटलनं 'निकोमॅकियन एथिक्स'च्या सातव्या भागात एक प्रश्न मांडला आहे : काय चांगलं हे कळत असूनही माणूस उलट का वागतो? या दुबळेपणाला ग्रीकमध्ये अक्रेसिया म्हणतात. तिथे आणखीही एक फरक आहे. ज्याच्या मनात तीव्र वासना उठते आणि तरी जो ती आवरतो, तो एक माणूस. ज्याच्या मनात तशी वासना उठतच नाही, तो दुसरा. रूममेट या दुसऱ्या जातीचा आहे, निदान वडापावापुरता. पण बाहेरून बघणाऱ्याला दोघांच्या ताटात एकच दिसतं : अर्धा वडापाव. आपण त्या अर्ध्या वडापावाला गुण देतो, आणि आत कुणाच्या कानात किती मोठा आवाज चालू होता हे विचारत नाही.

हा आवाज शरीर वाढवतं, आणि वजन उतरल्यावर जास्तच वाढवतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना गरजेच्या जवळपास निम्मं अन्न दिलं, आणि त्यांचं वजन सरासरी पावपटीनं उतरलं. हे तरुण कोण होते, ते महत्त्वाचं आहे. युद्धात माणसं मारणार नाही असं सांगून त्यांनी सैन्यात जायला नकार दिला होता, आणि त्याऐवजी युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांच्या उपयोगाला पडावं म्हणून ते स्वतःहून उपाशी राहायला आले होते. मनाचा निग्रह म्हणतात तो यांच्याकडे नव्हता, असं कोण म्हणेल? तरी ते दिवसभर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, ताटं चाटायला लागले. काहींनी चोरून खाल्लं, तेव्हा एकट्यानं बाहेर पडायला बंदी घालावी लागली. प्रयोग संपल्यावर कित्येकांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि तरी भूक राहिलीच असं सांगितलं. (हेच कीज पुढे १९७२ मध्ये क्वेटेले या बेल्जियन गणितज्ञाच्या जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' असं नाव देऊन गेले. म्हणजे ज्या माणसानं भुकेपुढे निग्रहाचं काय होतं ते दाखवलं, त्याच्याच नावाच्या आकड्यावर आपण आज निग्रह मोजतो.)

दुसरा दाखला अमेरिकी टीव्हीचा. 'द बिगेस्ट लूजर' या कार्यक्रमात स्पर्धक तीस आठवड्यांत प्रचंड वजन उतरवायचे. त्यातल्या १४ जणांना केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचे ४१ किलो परत आले होते. त्यांचं शरीर आराम करतानाही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं, सहा वर्षांनंतरसुद्धा. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या सगळ्या पहिल्या तीस आठवड्यांना. पुढची सहा वर्षं कॅमेरा नव्हता.

आणि आता इंजेक्शनं आलीत. २०२५ मध्ये मौंजारो आणि मग वेगोव्ही भारतात मिळायला लागली. वेगोव्हीतलं औषध सेमाग्लुटाइड. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश परत आलं. घेणारे लोक म्हणतात की डोक्यातला खाण्याचा कलकलाट बंद होतो. म्हणजे आठवड्यातून एकदा टोचलं की माणूस रूममेटसारखा होतो. त्याला उरलेला अर्धा वडापाव लक्षात राहत नाही.

माझ्या टीममधला एक जण हे इंजेक्शन घेतो. मला माहीत आहे, कारण फ्रिजमधलं पेन मी पाहिलं. बाकी सगळ्यांना तो सांगतो, "काही नाही, संध्याकाळी चालतो." मला त्याच्या खोटेपणाचा राग येत नाही, कुतूहल वाटतं. बीपीची गोळी घेणारा कुणी "काही नाही, शांत राहतो" असं सांगत नाही. थायरॉइडची गोळी लपवून कुणी खात नाही. मग इथेच का लपवायचं? कारण खरं सांगितलं की किलो त्याच्या नावावरून कंपनीच्या नावावर जातील. लोक म्हणतील, "मग काय, सोपंय." 'सोपंय' हा इथे आरोप आहे. फसवणूक म्हणायची तर आधी शर्यत हवी आणि तिचे नियम हवेत. शर्यत कुणी लावली होती? पण ती आहे, आणि आपण सगळे तिच्यात पळतोय, हे त्याच्या लपवण्यातून कळतं.

माझ्या आजीच्या भाषेत ही शर्यत नाही. तिच्याकडे बाळ बाळसं धरतं, पोरगा अंगानं भरतो, माहेरी राहून आलेल्या लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढतं, आणि पोट सुटलेला पाहुणा खात्यापित्या घरचा असतो. उतरणं म्हणजे वाळणं, खंगणं, खप्पड होणं. मी ८५ किलोचा होऊन गेलो तेव्हा तिनं गालाला हात लावून विचारलं, "काय रं, वाळलास की. मेसचं जेवण बरं न्हाई व्हय?" आमच्या पुण्यातल्या मराठीत मात्र माणूस 'सुटतो'. कशातून सुटतो? आधी कुणी बांधून ठेवलं होतं? बहुधा त्याच्याच मनानं. (वजनदार माणूस मात्र दोन्हीकडे चालतो, आणि फायलीवर वजन ठेवल्याशिवाय ती दोन्हीकडे हलत नाही. पण तो वेगळा विषय.)

आजीची भाषा जुनी आहे, आजच्या आजारांना ती पुरणार नाही, हे मला कळतं. पण एका बाबतीत ती माझ्या ॲपपेक्षा बिनचूक आहे. तिच्यात अंगावरचं मांस हे माणसाचं कर्तृत्व नसतं. ते पावसाचं, घराचं, रांधणारीच्या हाताचं असतं. तिला ते कुठून कळलं, तेही सांगतो. आमचं गाव सांगोला तालुक्यात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आजी पोटुशी होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. जोंधळा नव्हता. अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला चवही नव्हती आणि ती थापतानाच मोडायची. कामावर सुकडी वाटायचे. १९७३ च्या जानेवारीत माझे वडील जन्मले. "हाताच्या ओंजळीत मावला हुता," असं ती सांगते.

वडील पुढे एसटीत कंडक्टर झाले. जेवणाची वेळ गाडी ठरवायची. ३९ व्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. तेव्हा ते जाड नव्हते; हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे.

या 'हातपाय बारीक, पोट पुढे'चा अभ्यास पुण्यातच झालाय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा सांगत होता. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचीही मापं घेतली आहेत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन साडेतीन किलो, तर इथल्या बाळांचं २.७. ही बाळं सगळीकडून बारीक होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं राखलेली. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं असेल तर गर्भ स्नायूंवर काटकसर करतो आणि चरबी जपतो, असं काहीसं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला होता. त्या वेळी गर्भात असलेली माणसं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलणं जड जात असल्याचं आढळलं होतं.

माझ्या वडिलांचा मधुमेह दुष्काळामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. पण त्यांच्या पोटाचा हिशेब त्यांच्या जन्माआधी सुरू झाला असण्याची शक्यता, त्यांनी एसटी स्टँडवर खाल्लेल्या भज्यांइतकीच खरी आहे.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी 'मॉरल लक' या एकाच नावाचे निबंध लिहिले. नैतिक नशीब म्हणू या. नेगल यांचं एक उदाहरण ट्रकवाल्याचं आहे. ब्रेक तपासून घ्यायचे राहिलेत, आणि रस्त्यात पोर आडवं येतं. दुसऱ्या एका ट्रकवाल्याचेही तपासायचे राहिलेत, पण आडवं कुणी येत नाही. दोघांचा हलगर्जीपणा सारखाच, पण दोष आपण पहिल्याला कितीतरी जास्त देतो. नेगल पुढे म्हणतात, आडवं कोण येतं हेच फक्त नशीब नाही. मुळात आपण कसले बनलोय, कुठली ओढ आणि कुठला स्वभाव घेऊन आलोय, तेही नशीबच. माझी भूक माझी आहे खरी, पण ती मी निवडलेली नाही. रूममेटनंही त्याची निवडलेली नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

२०१५ च्या सुमाराला वडिलांची शुगर खूप वाढली होती. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि बाहेर बसलेल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तोंडावर ताबा नसेल तर मी औषध देऊन काय उपयोग?" वडील काही बोलले नाहीत. त्यानंतर अडीच वर्षं ते कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणायचे. रक्त तपासायचं नाही, कारण तपासलं तर आकडा येणार आणि आकडा आला तर कुणाला तरी दाखवावा लागणार. अडीच वर्षांनी डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके यायला लागले. सोलापूरला नेऊन लेझर करावं लागलं. नजर बरीचशी वाचली. सगळी नाही.

माझं तेरा दिवसांत वजन उतरलं, आणि आईनं "मनावर घेतलं की होतं" असं लिहिलं. ते वाक्य आणि त्या डॉक्टरांचं वाक्य एकच आहे. एक हसून म्हटलंय, एक रागावून, एवढाच फरक. मनावर घेतलं की होत असेल, तर ज्याचं होत नाही त्यानं मनावर घेतलेलं नाही. मी माझे किलो माझ्या निग्रहाच्या नावावर लावून घेतले, तर वडिलांचा डोळा त्यांच्या बेफिकिरीच्या नावावर लागतो. दोन्ही खाती एकाच वहीत आहेत. मला श्रेय ठेवून दोष तेवढा खोडायला आवडलं असतं, पण तसं करता येत नाही. म्हणून हल्ली कुणी कौतुक केलं की मी "पाणी आहे" म्हणतो. लोकांना तो विनय वाटतो.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. सगळं नशीबच असेल, तर बूट घालून सकाळी सहाला बाहेर पडायचं कशाला? माझं एचबीए१सी ६.१ आलंय. मधुमेहाची रेघ ६.५ ला आहे. वडिलांचा रस्ता मला समोर दिसतोय. नशीब म्हणून हात वर केले तर तोही एक बेजबाबदारपणाच. शिवाय 'भूक म्हणजे हार्मोन' हे वाक्य किती सोयीचं आहे, हे मला बेकरीपुढे उभं राहिल्यावर चांगलंच कळतं.

पण आजीकडे बघितलं की वाटतं, या दोन गोष्टी आपण उगाच एकत्र बांधल्यात. दुष्काळ तिचा दोष नव्हता, हे तिला कधी कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तरी खडी तिनंच फोडली. दोष कुणाचा आणि उद्याचं काम कुणाचं, हे दोन प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर द्यायला पहिल्याचं उत्तर लागत नाही.

आमच्या धंद्यात हे थोडं जमलंय. रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम लिहितात. त्यात 'हे कुणी केलं' याला जागा नसते. जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये एट्सी कंपनीच्या ब्लॉगवर या पद्धतीबद्दल लिहिलं होतं. त्यामागचं कारण दयाळूपणाचं नाही, अगदी व्यवहाराचं आहे. शिक्षा होणार असेल तर माणसं तपशील लपवतात. तपशील लपले की नेमकं काय झालं ते कळत नाही, आणि सर्व्हर पुन्हा पडतो. विमान कंपन्यांना हे आमच्या आधी कळलं होतं. ऑफिसात आपण हे पाळतो आणि घरी येऊन काट्यावर उभं राहिलो की स्वतःवर फौजदारी लावतो.

मी वजन रोज बघतो, पण मानतो ती सरासरीची रेघ. ऑटोडेस्क कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉकर प्रोग्रॅमर होते. त्यांनी १९९१ मध्ये 'द हॅकर्स डाएट' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यात ही युक्ती आहे : आजच्या आकड्याला फक्त एक दशांश महत्त्व द्यायचं, नऊ दशांश कालच्या रेघेला. पाच दिवसांचं लग्न त्या रेघेवर बारीकशा उंचवट्याएवढं दिसतं. गेले तीन महिने रेघ वर चाललीय, हेही त्यात तितकंच स्पष्ट दिसतं. रात्री अकराच्या भुकेसाठी मी जेवणाची वेळ साडेनऊवर नेली आणि ताटात उसळ वाढवली. थोडा फरक पडलाय, थोडा नाही. आज रेघ ८६.४ ला आहे.

या सगळ्यात माझं असं काय उरतं, याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. चालणं माझं, किलो माझे नाहीत, असं मी म्हणतो. पण सकाळी सहाला चालता येणं हेसुद्धा दहाला लॉगिन असलेल्या माणसाचं नशीब आहे. माझ्या वडिलांची पहिली गाडी पावणेसहाला सुटायची. नेगलच्या वाटेनं गेलं की शेवटी हातात काहीच राहत नाही, आणि तरी थंडीत पांघरूण बाजूला सारताना काहीतरी मी करतो, एवढं नक्की जाणवतं. त्या जाणवण्याला कुणी टाळी वाजवावी असं वाटत नाही.

वडिलांना मी शुगर मोजायचं छोटं मशीन नेऊन दिलं. ते सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचतात आणि आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहितात. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा कालनिर्णय बघितलं : ११८, १२४, १२१, मग तीन चौकोन रिकामे, मग ११९, मग पुन्हा रिकामे. म्हटलं, "आबा, मधले दिवस मोजलं नाही का?" म्हणाले, "मोजलं. जास्त आली होती." मी मोबाइल काढून त्यांना माझी रेघ दाखवली, ८७.४ च्या ठिपक्यासकट. त्यांनी चष्मा वर करून उजव्या डोळ्यानं ती बराच वेळ बघितली.

"हेपण ठेवलंस?"

"ठेवलं."

"आणि कुणी बघितलं तर?"

"तुम्ही बघताय की."

परवा आईनं कालनिर्णयचा फोटो पाठवला. गुरुवारच्या चौकोनात तिथीच्या खाली पेन्सिलीनं २०६ लिहिलंय, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत : 'तेराव्याचं जेवण, बुंदी २ वेळा.'